पुण्यात टाकाऊ फळं-भाज्या किंवा शेतातल्या कचऱ्यापासून काही विकण्याजोगं बनवायचं असेल तर सुरुवात कशापासून करावी?

वस्तू नंतर ठरवा, आधी कचरा शोधा. एकाच प्रकारचा, न मिसळलेला आणि रोज ठरल्या वेळी मिळणारा.

मी उलटं केलं होतं. खत विकायचं ठरवलं आणि मार्केट यार्डातून टेम्पोभर भाजीपाला आणला. जुड्यांचे रबर, सुतळ्या, पिशव्यांचे तुकडे निवडण्यात दोन दिवस गेले, तोवर ढिगातून पाणी सुटून माल आंबला. पाल्यात बहुतेक पाणीच असतं, म्हणजे टेम्पोचं भाडं आपण पाण्यासाठी भरतो.

मग घराजवळच्या ज्यूसवाल्या काकांशी बोलले. ते मोसंबीची सालं वेगळ्या क्रेटमध्ये ठेवतात, मी दुपारी तीनच्या आत उचलते. त्या सालांचं बायोएन्झाइम, म्हणजे आंबवून केलेलं सफाईचं पाणी, करते. वजनानं 1 भाग गूळ, 3 भाग सालं, 10 भाग पाणी. कॅन प्लॅस्टिकचा घ्या, काचेची बरणी नको, आणि वर चांगली जागा सोडा. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून गॅस सोडायचा. विसरलात तर कॅन फुगून टम्म होतो. तीन महिन्यांनी गाळलं की तपकिरी, आंबूस वासाचं पाणी मिळतं. ते साध्या पाण्यात मिसळून फरशी, सिंक छान निघतं. चोथा कुंडीत, मातीखाली. मात्र तपासणी न करता ‘जंतुनाशक’ म्हणून विकू नका, ती गिऱ्हाइकाची फसवणूक होईल.

गावाकडे ऊस असेल तर पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, बघा. दौंडला आमचा आहे. तोडणीनंतर हेक्टरी साधारण 8-10 टन पाचट पडतं आणि अजूनही कित्येक जण खोडवा धरण्याआधी (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुढचं पीक घेण्याआधी) ते पेटवून देतात. बघून जीव तुटतो. पुण्याच्या ‘आरती’ (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेनं, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं, पाचटाचा कोळसा करण्याचं तंत्र तयार केलं. त्याला 2002 साली ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. बंद पिंपात, कमी हवेत पाचटाचा कोळसा होतो. त्याच्या भुकटीत चिकटण्यासाठी खळ कालवून जळणाच्या कांड्या पाडतात.

तरी माझं मत विचाराल तर पाचटावर पहिला हक्क जमिनीचा. सरीत पसरून वर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टाकलं की ते तिथेच कुजतं, ओल टिकते, तणही कमी येतं. जो काडी लावणारच आहे, त्याच्याकडून मात्र कोळशासाठी जरूर उचला.

तुमच्याकडे जागा किती आहे आणि रोज कसला, किती किलो माल मिळू शकेल ते कळवा, पुढचं नेमकं सांगते.