आधी ब्रेक, मग टर्बो

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच गाडीबद्दल आहेत: माझदा मिआटा, म्हणजेच एमएक्स-५. मला त्याचं नवल वाटत नाही. १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही दोन सीटची गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हापासून घरच्या गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्यांची ती लाडकी आहे. बॉनेट उघडलं की बहुतेक भाग डोळ्यांना दिसतात आणि हाताला लागतात. माझ्याकडेही तीच आहे आणि तिचं सगळं काम मीच करते, त्यामुळे या पत्रांना जरा सविस्तर उत्तरं देते.

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा आहे. नोकरी लागल्यावर १९९४ची मिआटा घेतली. १.८ लिटर इंजिन, १ लाख ३० हजार मैल झालेत. हाताशी ३ हजार डॉलर आहेत. टर्बो बसवू की सुपरचार्जर? काम घरीच करणार आहे. (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

उत्तर : दोन्ही यंत्रं इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवतात, पण या वर्षी दोन्ही नको. तुझा हिरमोड होईल, पण पूर्ण वाच.

तुझी गाडी तिशी ओलांडलेली आहे. लोखंड टिकतं, रबर आणि प्लॅस्टिक टिकत नाही. आत्ता गॅरेजमध्ये जा, बॉनेट उघड आणि रेडिएटरची वरची प्लॅस्टिकची टाकी बघ. मुळात ती काळी असते. हिरवट-तपकिरी झाली असेल तर प्लॅस्टिक पिचलंय असं समज आणि रेडिएटर बदल, सोबत होजही. ती टाकी हायवेवर फुटली तर इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) जाईल. टर्बो लावलास तर उष्णता आणखी वाढणार, म्हणजे हे काम तसंही तुला टळत नाही.

दुसरं, टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणारा पट्टा. कंपनीने ६० हजार मैलांना बदलायला सांगितलाय. आधीच्या मालकाकडे बिल माग. बिल नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरून चाल. या इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत, ही मोठी जमेची बाजू. पण गाडी जिथे असेल तिथे बंद पडते, आणि ती जागा आपण निवडत नाही. बेल्टसाठी पुढचा सगळा भाग खोलावाच लागतो, तर त्याच खेपेला वॉटर पंप, टेन्शनर आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि क्रँक (पिस्टनने फिरणारा मुख्य दांडा) यांची पुढची ऑइल सीलं बदलून टाक. (१९९० किंवा १९९१ची गाडी घेऊ पाहणाऱ्यांसाठी: क्रँकच्या पुलीवरच्या खाचा मोजा. चारच असतील तर ती क्रँकचं टोक बारीक असलेली जुनी आवृत्ती. तिथे बोल्ट जरा सैल राहिला तर चावी (पुली क्रँकवर अडकवणारा छोटा धातूचा तुकडा) आणि तिची खाच झिजून क्रँकच निकामी होते. तो बोल्ट अंदाजाने आवळायचा नाही.)

मग टायर. बाजूच्या भिंतीवर डॉटच्या (DOT, अमेरिकेचं परिवहन खातं) अक्षरांपाशी चार आकडी खूण असते: २३१६ म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शाबूत दिसो, असे टायर मी ठेवणार नाही. चांगले टायर आणि नीट केलेलं अलाइनमेंट यांनी ही गाडी जेवढी बदलते तेवढी पन्नास अश्वशक्ती वाढवून बदलत नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि हवा २६ पीएसआय. टायरच्या दुकानात सवयीने ३५ भरून देतात. गाडी हजार किलोच्या आसपास आहे, एवढ्या हवेवर ती उड्या मारते आणि मालक शॉक अॅब्सॉर्बरला दोष देतो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) नवं असताना निदान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावर हीच मर्यादा १५५पर्यंत उतरते. घाटात लागोपाठ ब्रेक मारल्यावर ऑइल उकळलं की पेडल तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदल. मात्र डॉट ५ ओतू नकोस. ते सिलिकॉनचं असतं, या ऑइलशी त्याचं जमत नाही.

एवढ्यात तुझे ३ हजार संपतील. उरलेच तर चांगला टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराने नट आवळायचा पाना घे. चाकांच्या नटांना ६५ ते ८७ फूट-पाउंड लागतात. माझे बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. टॉर्क दिलेल्या प्रत्येक नटावर ते पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायचे, नटापासून खालच्या धातूपर्यंत सलग. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की नट फिरलाय हे लांबूनच कळतं. मी अजून तेच करते.

आता टर्बो. तुझ्या १.८च्या गाडीला मागचा डिफरन्शियल (मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) १.६ लिटरच्या गाडीपेक्षा दणकट आहे, इंजिनही सोसेल. पण तू कॅलिफोर्नियात आहेस. दर दोन वर्षांच्या स्मॉग तपासणीत धूर मोजतात आणि बॉनेटखालीही बघतात. त्या राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक नसलेला टर्बोच काय, इंजिनात हवा नेणारा साधा इनटेकही चालत नाही. किट घेण्याआधी तो क्रमांक आणि त्यापुढे लिहिलेली मॉडेल वर्षं स्वतः तपास. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नकोस.

प्रश्न : माझ्या १९९६च्या मिआटाचं ऑइल इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून ठिबकतंय. गॅरेजवाला म्हणतो क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, १२०० डॉलर. (नेपरव्हिल, इलिनॉय)

उत्तर : गिअरबॉक्स उतरवू देऊ नका, अजून तरी. ऑइल खाली उतरतं, म्हणून गळती ठिबक्याच्या जागी नाही, तिच्या वर शोधायची.

सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीला) जवळजवळ टेकून, कॅम अँगल सेन्सर आहे. त्याच्या मानेत एक रबराची ओ-रिंग असते. वर्षानुवर्षं तापून ती प्लॅस्टिकसारखी कडक होते, आणि ऑइल हेडच्या पाठीवरून ओघळून बेलहाउसिंगवर (गिअरबॉक्सच्या पुढच्या आवरणावर) येतं. खालून बघणाऱ्याला ते हुबेहूब मागच्या सीलच्या गळतीसारखं दिसतं. आधी सगळी मागची बाजू डीग्रीजरने धुऊन कोरडी करा, गाडी एक दिवस चालवा, मग सेन्सरच्या खाली बोट फिरवून बघा. बोट ओलं झालं तर चोर सापडला. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटचे मागचे कोपरेही बघून घ्या.

ओ-रिंग दोन-चार डॉलरची. काढण्याआधी सेन्सर आणि हेड या दोन्हींवर मिळून एक रेघ कोरा, कारण सेन्सर फिरवला की इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बदलतं. बोल्ट एकच आहे, पण तिथे हात जेमतेम पोचतो. पाना लावताना घाई करू नका. रेघ जुळवून बसवल्यावर टायमिंग लाइटने खात्री करा. बॉनेटखालच्या डायग्नोसिसच्या (तपासणीच्या) डबीत टीईएन आणि जीएनडी हे दोन पॉइंट वायरने जोडायचे आणि १० अंश मिळतात का बघायचं. नंतर ती वायर आठवणीने काढा.

वरचं सगळं कोरडं असेल आणि तरी बेलहाउसिंगमधून ऑइल येत असेल, तरच मागचं सील. तेव्हा मात्र गिअरबॉक्स उतरतोच आहे तर क्लचही बदलून घ्या.

प्रश्न : माझ्या मिआटाचे मागचे ब्रेक पॅड बदलायला घेतले. पुढचे सी-क्लॅम्पने आरामात झाले, मागचा पिस्टन मात्र हलत नाही. आणखी जोर लावू का? (एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : नका लावू! क्लॅम्प सोडवा. मागच्या कॅलिपरमध्येच (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात) हँडब्रेकची यंत्रणा आहे, त्यामुळे तो पिस्टन दाबून आत जात नाही. जोर लावलात तर आतला स्क्रू बिघडेल आणि कॅलिपर नवा घ्यावा लागेल.

हँडब्रेक पूर्ण सोडा (चाकांना आधी अडण लावा). कॅलिपरच्या पाठीवर एक छोटा बोल्ट आहे, तो नुसतं झाकण आहे. तो काढला की आत भोक दिसेल. त्यात ४ मिलिमीटरची अॅलन की घाला आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. पिस्टन हळूहळू आत सरकताना डोळ्यांना दिसतो. या वेळी ब्रेक ऑइलची टाकी काठोकाठ भरलेली नको, ऑइल उसळून रंगावर पडलं तर रंग सोलून निघतो.

नवे पॅड बसवून कॅलिपर जागेवर लावला की अॅलन की घड्याळाच्या दिशेने फिरवा, पॅड डिस्कला जेमतेम टेकेपर्यंत. मग एक तृतीयांश फेरा उलटा. चाक हाताने मोकळं फिरायला हवं. झाकणाचा बोल्ट परत लावा, आणि गाडी जागची हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहा. मागे हँडब्रेक सैल लागतो म्हणून केबल ओढून घेणारे पुष्कळ भेटतात. दहातल्या नऊ जणांचं हे आतलं अंतरच लावायचं राहिलेलं असतं.

प्रश्न : माझा मुलगा ऑस्टिनला असतो. व्हिडिओ कॉल केला की शनिवारी तो गाडीखाली झोपलेला असतो. मला गाडीतलं काही कळत नाही, पण धास्ती वाटते. त्याला काय विचारू? (ठाणे)

उत्तर : काकू, तुमची धास्ती रास्त आहे. त्याला एवढं विचारा: «गाडी जॅकवर आहे की स्टँडवर?» जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. त्यातलं एक रबरी सील गेलं की तो काही न सांगता खाली बसतो. उचलल्यावर गाडीचा भार लोखंडी जॅक स्टँडवर टेकवायचा, मगच खाली जायचं. सिमेंटचा ठोकळा अजिबात नको, तो एका क्षणात दुभंगतो. जमीन सपाट आणि पक्की हवी. टेक्सासच्या उन्हात डांबर मऊ पडतं आणि स्टँडचे पाय रुततात.

दुसरं विचारा: «चाकांना अडण लावलंस का?» त्याच्या गाडीचा हँडब्रेक बहुधा मागच्याच चाकांना लागतो, म्हणजे मागची बाजू उचलली की तो काहीच धरत नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण हवीच. मग स्टँडवरची गाडी दोन्ही हातांनी जोरात हलवून बघायची. पडायची असेल तर तेव्हा पडू दे.

गॅरेजचं दार बंद ठेवून इंजिन चालू करायचं नाही, त्या धुराला वास नसला तरी तो जीव घेतो. आणि काकू, काम चालू असताना घरात कुणीतरी असावं, निदान फोन हाताच्या अंतरावर असावा. हे त्याला माझं नाव घेऊन सांगा. तुमचं म्हणून ऐकलं नाही तरी माझं ऐकेल.

प्रश्न : पाऊस पडला की माझ्या मिआटाच्या सीटमागचं कार्पेट ओलं होतं. छत तर नवं टाकलंय. (सिएटल)

उत्तर : छताचा दोष नाही. छतावरचं पाणी मागच्या दोन कोपऱ्यांतल्या भोकांतून नळीवाटे खाली, मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. तुमच्याकडच्या पाईनच्या सुयांनी ती भोकं बुजलीत. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी घालून मोकळी करा. तार किंवा जोराची हवा नको, नळी सुटते. मग ग्लासभर पाणी ओतून खाली पडतं का बघा. आज-उद्यावर ढकलू नका, हेच पाणी साइड सिलमध्ये (दाराखालच्या पोकळ पट्टीत) साचून गाडी आतून गंजते, आणि ते वेल्डिंग घरचं काम नाही.

प्रश्न : माझी पोलो जीटी टीएसआय आहे, २०१५ची, डीएसजी. ईसीयू रीमॅप, मोठा एक्झॉस्ट आणि रुंद चाकं करायची आहेत. घरी काय काय जमेल? (कोथरूड, पुणे)

उत्तर : चाकणला बनलेली ही गाडी मला मनापासून आवडते, म्हणूनच स्पष्ट लिहिते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्हींचा अर्थ हाच की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते. मोठा एक्झॉस्ट सोडून द्या.

रीमॅप म्हणजे ईसीयूचा, इंजिनाच्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलणं; त्याबद्दल माझी भीती यांत्रिक आहे. तुमच्या सात गिअरच्या डीएसजीचे (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे) क्लच कोरडे आहेत, ऑइलमध्ये बुडालेले नाहीत. कर्वे रोडच्या गर्दीत ते आधीच तापतात. टॉर्क वाढवला की झीज वाढते, आणि तो क्लच पॅक बदलणं रीमॅपपेक्षा कितीतरी महाग पडतं. सिग्नलला गाडी इंच इंच सरकवू नका, पुढे जागा झाली की एकदम घ्या.

घरी करा ते असं: एअर फिल्टर, केबिन फिल्टर, स्पार्क प्लग, पुढचे ब्रेक पॅड. टायर मूळ मापाचेच, पण चांगल्या पकडीचे. इंजिन ऑइल मॅन्युअलमध्ये छापलेल्या मानकाचंच, बाटलीवर तो क्रमांक दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि स्पार्क प्लग इंजिन गार असतानाच काढा, अॅल्युमिनियमचं हेड तापलेलं असताना आटे सोलून निघतात.