परदेशी सैन्य: कुणाचं आणि कुठं?

खानापूरच्या एका वाचकाने मथळा पाठवला आहे: ‘परदेशी सैन्य तैनातीवरून विरोधकांचा संसदेवर बहिष्कार’. बातमी दूरच्या एका देशातली. ते विचारतात, परकं सैन्य त्या देशात येणार की त्यांचं बाहेर जाणार, हे यावरून कसं ओळखायचं? शिवाय आत लिहिलंय की विरोधी खासदार चर्चेत तावातावाने बोलले आणि मतदानाच्या वेळी उठून गेले. मग हा बहिष्कार की सभात्याग?

मथळ्यावरून ओळखता येत नाही, हे पहिल्याचं उत्तर. गोम ‘परदेशी’त आहे. परदेशी माल, परदेशी पाहुणे इथं ते विशेषण. पण घरी, दारी, गावी तसं परदेशी हे जुन्या सप्तमीचं रूपही आहे. ‘पोरगा परदेशी गेला’ म्हणताना पोरगा आपल्या बेळगावजवळच्या हलगा-बस्तवाडचाच असतो. नामाच्या आधी ‘परदेशी’ आलं की वाचणारा ते विशेषणच धरणार, त्याचा दोष नाही. ‘सैन्य परदेशी पाठवणं’ असा क्रम फिरवला की शंका मिटते. कन्नडमध्ये ही पंचाईत होत नाही: ‘विदेशी सेने’ म्हणजे परकी सेना, आणि ‘विदेशक्के’ धाडलेली ती आपली. प्रत्यय उघडा दिसतो.

त्यात ‘तैनाती’ची भर. शब्द अरबी-फारसीकडून आलेला. पेशवाईच्या कागदांत तैनात म्हणजे नेमणूक आणि तिच्याबरोबरचं वेतन, म्हणून त्याच्या यादीला ‘तैनातजाबता’. पण शाळेत इतिहास शिकलेल्या मराठी माणसाला आठवते ती तैनाती फौज. 31 डिसेंबर 1802 च्या वसईच्या तहात दुसऱ्या बाजीरावाने कंपनीचं किमान 6000 पायदळ कायमचं ठेवून घेतलं आणि त्याच्या खर्चासाठी 26 लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. म्हणजे मराठीतली ही फौज बाहेरून येणारी, आपल्याच पैशाने आपल्यावर बसणारी. आता ‘सीमेवर जवान तैनात’ हे हिंदीच्या वाटेने रुळलंय, माझी तक्रार नाही. ‘परदेशी’ आणि ‘तैनाती’ शेजारी आले की मात्र मन थेट वसईला जातं.

आपल्या भागात आणखी एक गंमत घडते. कन्नडमध्ये ‘नियोजने’ म्हणजे तैनाती. सरकारी पत्रक घाईत मराठीत उतरवलं की ‘पाचशे पोलिसांचे नियोजन’ असं काहीतरी छापून येतं. मराठीत नियोजन म्हणजे आखणी, आणि पोलिसांचा असतो तो बंदोबस्त. 1 नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची सायकल फेरी किंवा सुवर्णसौधातलं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन पाहिलेल्या बेळगावकराला हा शब्द समजावून सांगायला नको. फौजेतल्या माणसाची तर ‘पोस्टिंग’ असते. 1987 ला श्रीलंकेत गेलेल्या सेनेला आपण शांतिसेना म्हटलं आणि ती ‘पाठवली’ म्हटलं. साधं क्रियापद, पण दिशा चुकत नाही.

आता बहिष्कार. मुळात हा घोळक्याने एकट्याविरुद्ध वापरायचा शब्द: जातीने, गावाने माणसाला बाहेर काढायचं, वाळीत टाकायचं. 1924 ला डॉ. आंबेडकरांनी संस्थेला ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ नाव दिलं ते याच अर्थाने, आणि महाराष्ट्राचा 2016 चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदाही तोच अर्थ धरतो. वंगभंगानंतर टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार आला तो विलायती मालावरचा. तिथून शब्द उलटा फिरला. संसदेवर बहिष्कार टाकणारा संसदेला बाहेर काढत नाही, स्वतःच बाहेर राहतो.

बाहेर राहतो, हे महत्त्वाचं. सभात्याग करायला आधी सभेत बसावं लागतं. असहकाराच्या चळवळीत काँग्रेसने कौन्सिलांवर बहिष्कार टाकला, म्हणजे 1920 च्या निवडणुकीलाच उभी राहिली नाही. चित्तरंजन दास आणि मोतीलाल नेहरूंच्या स्वराज्य पक्षाला हे पटेना. आत शिरून अडवायचं म्हणून ते 1923 ला निवडून गेले. या दोन गटांचा समझोता पक्का झाला तो बेळगावातच, डिसेंबर 1924 च्या काँग्रेस अधिवेशनात, गांधीजी अध्यक्ष असताना. त्याच अधिवेशनासाठी खोदलेल्या टिळकवाडीतल्या काँग्रेस विहिरीवरून रोज जाणाऱ्यांनाही हे फारसं ठाऊक नसतं. पुढे मार्च 1926 मध्ये स्वराज्यवाले मध्यवर्ती कायदेमंडळातून उठून गेले. पहिला तो बहिष्कार, दुसरा सभात्याग.

मधली पायरीही आहे: दिवसभर आत न जाणं म्हणजे कामकाजावर बहिष्कार, पूर्ण सत्र न जाणं म्हणजे अधिवेशनावर. मथळे लिहिणाऱ्यांना ‘संसदेवर’ आवडतं, कारण ते दणदणीत वाटतं. तुमच्या बातमीतले खासदार बोलले आणि मग उठले, म्हणून सभात्यागच. बेळगावच्या बोलीत ‘सभेतनं उठून आलेत’ म्हणतात, तेही अगदी चोख.

सरकार आपलं सैन्य बाहेर धाडत असेल तर मथळा असा हवा होता: ‘सैन्य परदेशी पाठवण्यावरून विरोधकांचा सभात्याग’. आणि बाहेरचं सैन्य आत येणार असेल तर ‘परक्या फौजेला तळ देण्यावरून’.