बी.ए. झालोय, कागलजवळ राहतो. सरकारी कौशल्य योजनांतून कोल्हापुरात खरंच काम मिळतं का?

तुमच्यासमोर तीन वाटा आहेत असं तुम्ही लिहिलंय: तीन महिन्यांचा मोफत कौशल्य कोर्स, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून एखाद्या कार्यालयात काम, नाहीतर आयटीआय. मी कळंबा रोडच्या सरकारी आयटीआयमधून फाउंड्रीमन, म्हणजे धातूचं ओतकाम करणारा कारागीर, झालो आणि गेली बावीस वर्षं शिरोली एमआयडीसीत मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे बनवायला आहे. माझं मत आधीच सांगतो. आयटीआय करा किंवा थेट कारखान्यात अॅप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ, म्हणून लागा. बी.ए. झाल्यावर आयटीआय करायला लाज वाटायचं काही कारण नाही, वयाची वरची अटही नाही.

असं का म्हणतो ते वाळूवरून सांगतो. आमच्या साच्याच्या वाळूत बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची पूड आणि तीन-चार टक्के पाणी असतं. ओलावा मोजायचं यंत्र आहे, पण पाळीवरचा जुना माणूस आधी मुठीत वाळू दाबतो आणि गोळा मधोमध मोडतो. कड स्वच्छ तुटली तर ठीक, हाताला चिकटली तर पाणी जास्त. अशा ओल्या साच्यात वितळलेल्या लोखंडाचा चौदाशे अंशांचा रस ओतला की वाफ अडकते आणि कास्टिंगच्या, म्हणजे ओतलेल्या भागाच्या, पोटात ब्लोहोल, म्हणजे पोकळी राहते. वरून काही दिसत नाही. मशीनिंगला गेल्यावर ती उघडी पडते, तोवर वीज, रस आणि सगळ्यांची मेहनत वाया गेलेली असते. ही मूठ मला जमायला एक अख्खा पावसाळा आणि एक अख्खा उन्हाळा लागला, कारण आपल्याकडच्या हवेबरोबर वाळू बदलते. तीन महिन्यांच्या कोर्समध्ये पावसाळा तरी येईल किंवा उन्हाळा तरी.

प्रधानमंत्री कौशल विकास योजना २०१५ ला सुरू झाली. हेतू चांगलाच होता, पण किती पोरांना प्रमाणपत्र दिलं हे मोजणं सोपं आणि कितीजण वर्षानंतर त्याच कामावर टिकले हे मोजणं अवघड. माझ्या पुतण्यानं एका केंद्रात सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा, कोर्स केला. मशीन एकच, आणि तेही बहुतेक दिवस बंद. प्रमाणपत्र घेऊन तो मुलाखतीला गेला तेव्हा त्याला टूल ऑफसेट, म्हणजे हत्याराचं माप मशीनला द्यायचं अगदी रोजचं काम, घ्यायला सांगितलं आणि पोरगं नुसतं उभं राहिलं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण चूक त्याची नव्हती. पुढं गोकुळ शिरगावात वर्षभर अॅप्रेंटिस राहिला, आज तिथंच सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा, आहे.

आता पैशाचं बोलू, कारण घरी तेच विचारतात. युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये मिळतात, आयटीआयवाल्याला ८,०००. मुदत आधी सहा महिने होती, नंतर अकरा केली. अॅप्रेंटिसच्या २०१९ च्या नियमांत किमान स्टायपेंड शिक्षणाप्रमाणे ५,००० ते ९,००० रुपये होता, आयटीआय झालेल्याला ७,०००. म्हणजे कार्यालयात पंख्याखाली बसणाऱ्याला जास्त आणि भट्टीसमोर उभं राहून हुन्नर शिकणाऱ्याला कमी. मग आपली पोरं फाउंड्रीत का येतील? आमच्या शॉपमध्ये आज मोल्डिंगला बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशाची माणसं आहेत. मेहनती आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे गणित सरकारनं उलटं करायला हवं, असं मला मनापासून वाटतं. अकरा महिन्यांनी कार्यालयातून बाहेर पडलेल्या पोराच्या हातात काय उरतं? कायम करा म्हणून आंदोलनं झाली, ती त्यातूनच.

अॅप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के अॅप्रेंटिस घ्यावेच लागतात. २०१६ च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र उचलतं. म्हणजे कारखान्याच्या दारात तुम्ही उपकार मागायला जात नाही. कागलची पंचतारांकित एमआयडीसी तर तुमच्या घराजवळच आहे, सुरुवात तिथूनच करा. फिटर दोन वर्षांचा, फाउंड्रीमन एक वर्षाचा. घरची अडचण असेल तर एका वर्षाचा घ्या.

एक सावधगिरी. कायद्यानं अॅप्रेंटिस हा कामगार नसतो, शिकाऊ असतो, आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. याचा फायदा घेऊन काही ठिकाणी वर्षभर नुसतं फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायला, किंवा माल उचलायला लावतात. म्हणून रुजू होण्याआधी दोन गोष्टी विचारा: अॅप्रेंटिसच्या सरकारी पोर्टलवर नोंद झालेल्या कराराचा नंबर, आणि कोणत्या विभागात किती महिने ठेवणार. नंबर द्यायला टाळाटाळ केली तर तिथं सही करू नका, शेजारच्या गेटवर विचारा.