जुन्या पिकअपला मागचे नवे पाटे (लीफ स्प्रिंग) बसवताना बुशचे बोल्ट कधी आवळायचे?

चाकं जमिनीवर टेकून गाडीचं वजन पाट्यांवर आल्यावरच बोल्ट शेवटचे आवळा, तोवर नुसते हाताने लावून ठेवा. पाट्याच्या टोकाच्या भोकात बसणाऱ्या रबरी बुशची आतली नळी बोल्टाने घट्ट धरली जाते आणि पाटा हलला की रबर पिळतं. जॅकवर लोंबकळत्या पाट्याला आवळलं, तर गाडी खाली येताच रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. खानापूरकडच्या गॅरेजात ऊस वाहणाऱ्या गाड्यांचे असे बुश मी कितीतरी काढलेत: एका अंगाला चिरलेले, नळी तिरकी झालेली. पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट मात्र नवेच घ्या, जुने ताणलेले असतात. दोन-तीनशे किलोमीटरनंतर ते पुन्हा आवळा. पॉलियुरेथेन बुशला वजनाचा हा नियम तितका लागत नाही, त्यात नळी फिरते. तिथं ग्रीस लागतं.