शब्दचर्चा: जपानी गाण्याच्या नावातला ९ कसा वाचायचा?

प्रश्न असा आहे: रेमिओरोमेन या बँडच्या एका गाण्याचं नाव जपानीत ३, महिन्याचं चिन्ह, ९, दिवसाचं चिन्ह असं लिहितात, अर्थ ‘९ मार्च’. कॅराओकेच्या यंत्रावर ‘सान्गात्सु क्यूनिचि’ टाकलं तर गाणं निघत नाही. क्यू म्हणजे नऊ, निचि म्हणजे दिवस, मग चुकलं कुठे?

चुकलं ‘क्यूनिचि’त. नाव आहे ‘सान्गात्सु कोकोनोका’. जपानीत लिहिलेला आकडा म्हणजे उच्चार नव्हे; उच्चार पुढच्या चिन्हावर ठरतो. आपणही हेच करतो. ‘१॥ वाजता’ कोणी ‘एक आणि अर्धा वाजता’ असं वाचत नाही, दीड वाचतो. ‘३ जण’ लिहिलं तरी तोंडात ‘तिघं’ येतं.

जपानीत संख्यावाचकांचे दोन संच आहेत. एक मूळचा: हितोत्सु, फुतात्सु, मित्त्सु. दुसरा चिनी वळणाचा: इचि, नि, सान. तारखांमध्ये १ ला स्वतंत्र शब्द आहे, २ ते १० पर्यंत मूळ संच चालतो: त्सुइताचि, फुत्सुका, मिक्का, योक्का, इत्सुका, मुइका, नानोका, योऽका, कोकोनोका, तोऽका. पुढे ११ पासून ‘निचि’, पण १४ (जूयोक्का), २० (हात्सुका) आणि २४ (निजूयोक्का) हे तीन अपवाद पाठच करावे लागतात. (‘त्सु’ म्हणजे ‘चुलता’मधला चु. हा उच्चार मराठी माणसाला आयता मिळालेला आहे, वापरावा.)

हे गाणं बरोबर ९ मार्च २००४ ला प्रकाशित झालं. मित्राच्या लग्नासाठी लिहिलेलं, पण आता शाळेच्या निरोपसमारंभात हटकून गायलं जातं. क्यूचा मोह होण्याचं आणखी एक कारण: ३ आणि ९ जोडून ‘सान-क्यू’, म्हणजे ‘थँक यू’, ही कोटी जपानात सर्वांना ठाऊक आहे. तेच दोन आकडे ‘मि-कु’ असेही वाचता येतात, म्हणून हात्सुने मिकु या संगणकी आवाजाच्या आभासी गायिकेचे चाहतेही ९ मार्चवर हक्क सांगतात. अशा आकड्यांच्या श्लेषाला ‘गोरोआवासे’ म्हणतात. मात्र गाण्याच्या नावात तो चालवायचा नाही.

तारखेच्या नियमालाही फाटा देणारं एक जुनं गाणं आहे. नववर्षाचं, १८९३ मध्ये सरकारी राजपत्रातून शाळांसाठी आलेलं. लिहितात ‘१ महिना १ दिवस’. रोजच्या बोलण्यात ‘इचिगात्सु त्सुइताचि’, पण गाण्याचं नाव मात्र ‘इचिगात्सु इचिजित्सु’. हा जुना, भारदस्त उच्चार आहे. तो नियमाने काढता येणार नाही, माहीतच असावा लागतो.

अपूर्णांकात तर सुरुवातच उलटी. सियाम शेडचं १९९७ मधलं गाणं १/३ ने सुरू होतं. डोळ्यांना आधी १ दिसतो, पण जपानी छेद आधी वाचतात: ‘सानबुन नो इचि’, तिनातला एक. म्हणून नाव ‘सानबुन नो इचि नो जुन्जोऽ ना कान्जोऽ’. काना (जपानी उच्चारलिपी) वर्णक्रमाच्या यादीत ते ‘सा’च्या ओळीत मिळेल, ‘इ’च्या ओळीत कितीही शोधा. त्याच वर्षीचं कावामोतो माकोतोचं नुसतं ‘१/२’ हे ‘निबुन नो इचि’. नाकामोरी आकिनाचं १९८३ मधलं ‘१/२ची दंतकथा’ अशा अर्थाचं गाणंही ‘निबुन नो इचि नो शिन्वा’, म्हणजे ‘नि’ खालीच.

वयाचं गणित सोपं, एक खड्डा सोडून. मिनामी साओरीचं ‘१७ वर्षं’ (१९७१) हे सरळ ‘जूनानासाइ’. पण विसाव्या वर्षाला जपानीत स्वतंत्र शब्द आहे, ‘हाताचि’. त्यामुळे सिग्नल या गटाचं १९७५ मधलं २० आकड्याचं गाणं ‘हाताचि नो मेगुरिआइ’. ‘निजूस्साइ’ टाकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

४, ७ आणि ९ यांना मोजताना दोन-दोन उच्चार आहेत: शि/योन, शिचि/नाना, कु/क्यू. ‘शि’ मृत्यूसारखा ऐकू येतो, ‘कु’ यातनेसारखा, आणि ‘शिचि’ घाईत ‘इचि’ वाटतो, म्हणून मोजताना योन, नाना, क्यू यांकडे कल. महिन्यांत मात्र जुनेच टिकले: शिगात्सु, शिचिगात्सु, कुगात्सु. ओओता हिरोमीचं सप्टेंबरच्या पावसाचं गाणं (१९७७) ‘कुगात्सु नो आमे’ आहे. ओकिनावाकडचं ‘एकोणिसावा वसंत’ हेही ‘जूकु नो हारु’, ‘जूक्यू’ नव्हे.

मोठ्या संख्यांत मराठी माणूस वेगळ्याच ठिकाणी अडखळतो. आपण हजारानंतर शंभरपटीने लाख, कोटी असं चढतो. जपानी दहा हजारांच्या पटीने. ‘मान’ म्हणजे दहा हजार, ‘ओकु’ म्हणजे दहा कोटी. गो हिरोमीचं १९८४ मधलं ‘निओकु योनसेनमान नो हितोमि’ घ्या. २ ओकु म्हणजे २० कोटी, ४ हजार मान म्हणजे ४ कोटी. एकूण २४ कोटी डोळे. तेव्हाच्या जपानची लोकसंख्या सुमारे १२ कोटी, गुणिले दोन. जपानी राष्ट्रीय रेल्वेच्या जाहिरात मोहिमेचं ते गाणं होतं.

लांब वस्तू मोजायचा ‘होन’ हा शब्द आकड्यानुसार रूप बदलतो: इप्पोन, निहोन, सानबोन. म्हणून काटो तोकिकोचं लाखो गुलाबांचं गाणं ‘ह्याकुमानबोन नो बारा’ (दहा लाख, होनचा बोन) आणि मिकुचं प्रसिद्ध गाणं ‘सेनबोनझाकुरा’, जिथे ‘साकुरा’चाही ‘झाकुरा’ झाला.

‘नानात्सु नो को’ या १९२१ मधल्या बालगीतात तर वाचनाची नव्हे, अर्थाची अडचण आहे. ‘नानात्सु’ वस्तूंच्या संख्येलाही चालतं आणि वयालाही. कावळीची सात पिल्लं, की सात वर्षांचं पिल्लू? सात पिल्लं जरा जास्तच, आणि सात वर्षांचा कावळा पिल्लू कसला! वाद अजून चालू आहे.

आता टाकायचं कसं. कॅराओकेत गाणी शोधायचं यंत्र दाम या ब्रँडचं ‘देनमोकु’ असो की जॉयसाउंडचं ‘क्योकुनाबि’, गाण्याच्या नावाचा शोध (क्योकुमेइ) उघडून पहिली चार-पाच काना अक्षरं भरा: ‘सा-न-गा-त्सु’. ‘जू’ला जि, लहान यु आणि उ अशी तीन अक्षरं लागतात, लांबीची आडवी रेघ काताकाना (परक्या शब्दांसाठीची काना लिपी) शब्दांसाठी ठेवा. नाहीच निघालं तर गायकाच्या नावाने (काशुमेइ) शोधा, वाचनाचा प्रश्नच उरत नाही.

फोनवर यादी करताना वेगळी गफलत होते. कान्जीतला (चिनी चिन्हांतला) २ आणि काताकाना ‘नि’ दिसायला जवळजवळ सारखे. तसेच कान्जी ८ आणि ‘हा’, कान्जी १ आणि लांबीची रेघ. संगणकाला ती वेगवेगळी अक्षरं आहेत. नाव हाताने उतरवू नका, मूळ जागेवरून उचलून चिकटवा. अक्षरक्रमाने लावलेल्या यादीत एचवाय या बँडचं ‘३६६ दिवस’ हे ‘९ मार्च’च्या आधी येईल, कारण ३ नंतरचा ६ महिन्याच्या चिन्हाच्या आधी लागतो, संख्याक्रम पाळणाऱ्या अॅपमध्ये उलट होईल. दोन फोनांवर एकच यादी वेगळी दिसली, तर आधी हे तपासा.