गॉलमने अंगठी देऊ केली होती का?

प्रश्न : टॉल्किन यांच्या ‘द हॉबिट’ या कादंबरीची एक जुनी इंग्रजी प्रत आमच्या मामांनी बेळगावच्या कॅम्प भागात जुन्या सामानाच्या विक्रीतून घेतली होती. तिची सुरुवातीची पाने गहाळ आहेत. त्या प्रतीवरून मी गल्लीतील मुलांना ही गोष्ट मराठीत सांगतो. पाचव्या प्रकरणात भुयारात राहणारा गॉलम हा विचित्र प्राणी कथानायक बिल्बोची क्षमा मागून त्याला बाहेरची वाट दाखवतो, असे मी सांगितले, तेव्हा भाच्याने हरकत घेतली. त्याच्या नव्या प्रतीत गॉलम बिल्बोच्या जिवावर उठतो. खरा मजकूर कोणता? जुन्या प्रतीत दुरुस्ती करावी काय?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : दोन्ही मजकूर खरे आहेत आणि दोन्ही टॉल्किन यांनीच लिहिलेले आहेत. तेव्हा जुन्या प्रतीत कृपया एका अक्षराचीही दुरुस्ती करू नये.

ही कादंबरी 21 सप्टेंबर 1937 रोजी लंडनच्या जॉर्ज ॲलन अँड अनविन या संस्थेने प्रसिद्ध केली. त्या आवृत्तीत बिल्बोबरोबरच्या कोड्यांच्या खेळात हरल्यास भेट देण्याचे गॉलम कबूल करतो आणि ती भेट म्हणजे घालणाऱ्याला अदृश्य करणारी अंगठीच असते. ती आधीच बिल्बोच्या खिशात गेलेली असल्यामुळे गॉलमला सापडत नाही. तेव्हा तो पुन्हा पुन्हा माफी मागतो, भरपाई म्हणून रसदार मासे पकडून देण्याचीही तयारी दाखवतो, आणि अखेर भेटीच्या बदल्यात वाट दाखवून निरोप घेतो.

पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही याच कथेची पुढची महाकादंबरी लिहिताना ही अंगठी धारण करणाऱ्याला गुलाम करणारी ठरली. अशी वस्तू गॉलम आपखुशीने देऊ करील, हे जमणारे नव्हते. म्हणून टॉल्किन यांनी पाचवे प्रकरण नव्याने लिहून 1947 मध्ये प्रकाशकांकडे नमुन्यादाखल पाठवले. काही वर्षांनी छपाईपूर्व तपासणीची मुद्रिते हाती आली, तेव्हा ते पुस्तकात घातले गेल्याचे पाहून त्यांनाच आश्चर्य वाटले. 1951 च्या दुसऱ्या आवृत्तीपासून हाच मजकूर रूढ झाला. अदृश्य झालेला बिल्बो नि:शस्त्र गॉलमवर तलवार चालवणार, एवढ्यात त्याच्या मनात दया उपजते, हा प्रसंग 1937 च्या मजकुरात नाही. पुढच्या महाकादंबरीचा शेवट ज्या दयेवर उभा आहे, ती या पुनर्लेखनातून आली, म्हणून मला हा पाठभेद फार मोलाचा वाटतो.

ज्ञानेश्वरीत नकलकारांच्या हातून शिरलेले अपपाठ नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये शोधून काढले. येथे मात्र दोन्ही पाठ मूळ लेखकाचेच असल्यामुळे शुद्ध-अशुद्ध असा निवाडा करता येत नाही. टॉल्किन यांनी जुना पाठ टाकूनही दिला नाही. अंगठीवर आपला हक्क ठरावा म्हणून बिल्बोने प्रथम रचून सांगितलेली हकिकत ती हीच, असे त्यांनी ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रास्ताविकात नमूद केले आणि त्याच कादंबरीत अंगठीचे काय करायचे हे ठरवण्यासाठी भरलेल्या एलरॉन्डच्या सभेत बिल्बोला खरी हकिकत सांगायला लावली. स्वतःच्या जुन्या मजकुराला कथेतच जागा देण्याची ही सूज्ञता विरळा आहे.

आपल्या प्रतीत 1951 पूर्वीचा पाठ आहे, एवढे या एका प्रकरणावरून निश्चित सांगता येते. ज्यांच्या प्रतीत पाचवे प्रकरण नवे आहे, त्यांनी पहिले प्रकरण पाहावे : जादूगार गॅन्डाल्फ थंड कोंबडीबरोबर टोमॅटो मागत असेल, तर तो मजकूर 1966 च्या सुधारणेपूर्वीचा आहे; त्यानंतर टोमॅटोच्या जागी लोणची आली. तिसऱ्या प्रकरणातील प्राचीन तलवारी घडवणाऱ्यांचे नावही त्याच वेळी बदलले.

मुलांना मात्र आधी भाच्याच्या प्रतीतील प्रकरण सांगावे. जुने प्रकरण राखून ठेवावे आणि ती मुले मोठ्या कादंबरीतील एलरॉन्डच्या सभेपर्यंत पोहोचली, की बिल्बोने सोबत्यांना काय सांगितले होते ते आपल्या प्रतीतून त्यांना जसेच्या तसे वाचून दाखवावे.