पहाटेच्या संगीताला पहाटेचा आकार हवा

पहाटेवरचे तुमचे तिन्ही ट्रॅक हेडफोनवर ऐकले. तुम्ही लिहिलंय की मऊ पॅड (मागे सलग चालणारा सुरांचा थर) आहे, पक्षी आहेत, लांब रिव्हर्ब (आवाजामागे घुमत राहणारी शेपटी) आहे, ऐकणारे "छान, शांत वाटलं" म्हणतात, पण शेवटपर्यंत कोणी थांबत नाही आणि तुम्हालाही ते प्रतीक्षालयात वाजणाऱ्या संगीतासारखं वाटतं. नेमकं काय कमी पडतंय आणि हे पुढे लोकांपर्यंत कसं न्यायचं, असे दोन प्रश्न आहेत तुमचे. पहिल्यावर मी जास्त बोलणार आहे.

आवाज चांगले निवडलेत, त्यांना हात लावू नका. अडचण आकारात आहे. तिन्ही ट्रॅक हळू येतात, मध्यावर भरतात आणि शेवटी विरत विरत शांत होतात. हा रात्रीचा आकार झाला, झोपेकडे नेणारा. पहाट याच्या उलट चालते. ती जवळजवळ काहीच नसताना सुरू होते आणि संपते तेव्हा आधीपेक्षा जास्त उजेड, जास्त आवाज, जास्त जागा असते. पहाटेच्या नावाने निघणारं बरंचसं अँबियंट, म्हणजे वातावरण उभं करणारं संथ संगीत रात्रीच्याच आकाराचं असतं, वर पक्षी लावले म्हणून पहाट म्हणायचं. ऐकणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण कानाला कळतं.

म्हणून आधी एक प्रयोग करा. पक्षी पूर्ण काढून टाका. नुसत्या पॅडवरून उजाडतंय असं वाटलं पाहिजे. त्यासाठी सगळ्यात उपयोगी पडतो तो लो-पास फिल्टर, म्हणजे ठरावीक वारंवारतेच्या वरचा आवाज कापणारा. समजा तो ४०० हर्ट्झवर ठेवून सुरुवात केली आणि ६४०० वर नेला, तर ते चार सप्तकांचं अंतर होतं. १६ मिनिटांच्या ट्रॅकमध्ये दर चार मिनिटांना एक सप्तक. इतका सावकाश बदल कुणाच्या लक्षात येत नाही, पण शेवटचं मिनिट थेट पहिल्याला जोडून ऐकलं तर दोन वेगळे ट्रॅक वाटतील. कान वारंवारता सप्तकांच्या हिशोबाने ऐकतो, हर्ट्झच्या नाही. ऑटोमेशनची (वेळेनुसार आपोआप बदलणाऱ्या आकड्याची) सरळ रेघ जर हर्ट्झमध्ये चालत असेल तर पहिल्या काही मिनिटांतच सगळा उजेड पडून जाईल आणि पुढे काही घडणारच नाही. तुमच्या दुसऱ्या ट्रॅकमध्ये मला हेच झालेलं वाटतं. तिथे फिल्टरचा आकडा दर मिनिटाला तपासा.

लांबीबद्दल: सूर्य क्षितिजाखाली ६ अंशांवर असल्यापासून उगवेपर्यंतचा संधिप्रकाश विषुववृत्ताजवळ साधारण २० ते २५ मिनिटांचा असतो, ध्रुवांकडे जावं तसा लांबत जातो. त्यामुळे १५-२० मिनिटांचा तुकडा अजिबात मोठा नाही. चार मिनिटांत पहाट उरकायची घाई करू नका.

आता अंतराबद्दल, कारण मला स्वतःला यात सगळ्यात जास्त गोडी आहे. निरभ्र, वारा नसलेल्या रात्रीनंतर जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते. थंड हवेत आवाज हळू जातो, म्हणून वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि एरवी पोचणार नाही इतक्या लांबून ऐकू येतो. त्यातच जवळचा गोंगाट अजून सुरू झालेला नसतो. पहाटेचा सगळा भाव या एका गोष्टीत आहे: लांबचं स्पष्ट, जवळचं फार थोडं. तुमच्या मिक्समध्ये मात्र सगळं एकाच मोठ्या दालनात, सारख्याच अंतरावर आहे, कारण एकच रिव्हर्ब सगळ्यांना सारखा लागलाय.

दोन रिव्हर्ब ठेवा. लांबच्या आवाजांसाठीच्या रिव्हर्बला प्री-डिले (मूळ आवाजानंतर घुमणं सुरू व्हायला लागणारा वेळ) जवळजवळ शून्य, ४-५ किलोहर्ट्झच्या वरचं कापलेलं, आणि मूळ आवाज अगदी कमी. जवळच्यासाठी फार छोटा रिव्हर्ब किंवा काहीच नाही. आणि जवळची गोष्ट एकच असू द्या. एखादी तार, एखादा लाकडी ठोका, पियानोचा एखादा सूर, तोही मिनिटा-दीड मिनिटातून एकदा. त्या एका कोरड्या आवाजामुळे मागचं सगळं आपोआप लांब जातं. दोन्ही रिव्हर्बमध्ये २५० हर्ट्झच्या खालचं कापा, नाहीतर खालच्या सुरांच्या शेपट्या एकमेकांत मिसळून चिखल होतो.

आवाज पुन्हापुन्हा येतोय हे कळू नये म्हणून लूपची, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणाऱ्या तुकड्यांची, लांबी मुद्दाम एकमेकांशी न जुळणारी ठेवा. १७, २३ आणि २९ सेकंदांचे तीन लूप एकत्र सोडले तर तीच जुळणी पुन्हा यायला ११,३३९ सेकंद लागतात, म्हणजे तीन तास नऊ मिनिटांच्या आसपास. वेगवेगळ्या लांबीच्या टेपचे लूप वापरायची ही युक्ती अँबियंट संगीतकार ब्रायन इनोने १९७० च्या दशकात वापरली आणि ती आजही तितकीच ताजी आहे. फक्त पक्ष्यांना लूप करू नका. पॅडची पुनरावृत्ती कान माफ करतो, तीच किलबिल तिसऱ्यांदा आली की पकडतो.

पक्ष्यांचं रेकॉर्डिंग स्वतः करा, जमेल तेव्हा जमेल तिथे. रेकॉर्डर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, माइकवर केसाळ विंडशील्ड चढवा, सुरू करा आणि बाजूला व्हा. निदान अर्धा तास. हातात धरू नका, कपड्यांची सळसळ सगळीकडे येते. माइक निवडताना त्याचा स्वतःचा खरखराट किती आहे हे आधी बघा. पहाटे आसपास इतकं कमी वाजत असतं की स्वस्त रेकॉर्डरची सुरसूर पक्ष्यांच्या वर येते. आणि मिक्स करताना लक्षात ठेवा, बहुतेक पक्ष्यांचं गाणं २ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असतं. शेवटच्या काही मिनिटांत पॅडही तिथे पोचणार. पक्षी हवे असतील तिथे पॅडमध्ये ३-४ डेसिबलचा खळगा करा, पक्ष्यांचा आवाज वाढवू नका.

तुम्ही ललित रागाचे सूर घेऊन बघताय हे वाचून आनंद झाला. पंचम नाही आणि दोन्ही मध्यम शेजारी, त्यामुळे पायाखालची जमीन पक्की व्हायच्या आधीची अवस्था आपोआप येते. पण लांब रिव्हर्बमध्ये कोमल रिषभ षड्जावर आला की घरघर होते. षड्ज २४० हर्ट्झवर असेल तर रिषभ २५६ च्या आसपास पडतो आणि त्या १६ हर्ट्झच्या फरकाची थरथर शेपटीत साचत जाते. रिषभ वरच्या सप्तकात न्या आणि षड्ज जवळजवळ साध्या साइन लहरीसारखा (एकाच वारंवारतेचा) ठेवा, म्हणजे त्याचा दुसरा स्वरांश (दुप्पट वारंवारतेचा अंश) रिषभाशी भांडणार नाही. तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग वापरणार असाल तर तारा मेट्रोनोमवर छेडू नका, हाताच्या चालीने छेडलेल्याच ठेवा.

आता शेअर करण्याबद्दल. मास्टरिंगमध्ये (ट्रॅकवर शेवटचा हात फिरवताना) आवाज वाढवायचा मोह टाळा. स्पॉटिफाय साधारण −१४ एलयूएफएसच्या (आवाजाचा सरासरी मोठेपणा मोजायचं एकक) हिशोबाने आवाज जुळवतं, ॲपल म्युझिक −१६ च्या. तुमचा ट्रॅक तिथवर खेचायची सक्ती कुणी केलेली नाही. मी अशा संगीतासाठी −१८ ते −२० धरतो, ट्रू पीक (आवाजाचं सर्वोच्च टोक) −१. लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारं साधन) लावून तुम्ही जो चढ सपाट कराल, त्या चढासाठीच तर हा सगळा खटाटोप आहे.

स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम मोजला जातो, मग ट्रॅक दोन मिनिटांचा असो की वीस. २०२४ पासून वर्षभरात १,००० स्ट्रीम न झालेल्या ट्रॅकला मानधनही मिळत नाही. त्यामुळे "तुकडे करून टाक" असा सल्ला तुम्हाला मिळेल. माझं मत वेगळं आहे. अख्खा तुकडा बँडकॅम्पवर (संगीत थेट विकता येतं असं संकेतस्थळ) फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणारा फाइल प्रकार) ठेवा. ज्यांना वीस मिनिटं बसून ऐकायचंय ते तिथे येतात. स्ट्रीमिंगसाठी हवेच असतील तर अख्ख्या फाइलमधून फेड न लावता भाग कापा. प्रत्येक भाग वेगळा रेंडर केला (त्याची स्वतंत्र फाइल बनवली) तर रिव्हर्बच्या शेपट्या तुटतात.

फ्रीसाउंडवरून (आवाजांचा ऑनलाइन खुला संग्रह) काही घेतलं असेल तर प्रत्येक आवाजाचा परवाना आत्ताच एका फाइलमध्ये लिहून ठेवा. सीसी-शून्य (क्रिएटिव्ह कॉमन्सचा, हक्क सोडून दिलेला परवाना) असेल तर प्रश्न नाही, सीसी-बायला नाव द्यावं लागतं, आणि 'व्यावसायिक वापर नाही' असं असेल तर विकायच्या अल्बममध्ये ते चालत नाही. आणि वितरकाच्या फॉर्ममध्ये यूट्यूब कंटेंट आयडीचा (तुमचा आवाज दुसऱ्यांच्या व्हिडिओत शोधणारी यंत्रणा) चौकोन दिसला तर असे उसने आवाज असलेल्या ट्रॅकला त्यावर टिचकी देऊ नका. तीच किलबिल वापरलेल्या दुसऱ्या कुणाच्या व्हिडिओवर तुमच्या नावाने दावा जाईल.

प्रकाशित करण्याआधी चार-पाच जणांना पाठवा, पण "कसं वाटलं" विचारू नका, उत्तर "छान"च येतं. त्याऐवजी विचारा: काहीतरी बदललंय हे कितव्या मिनिटाला जाणवलं? बऱ्याच जणांनी एकच मिनिट सांगितलं तर तिथे ऑटोमेशनला कोपरा पडलाय, तो आधी घासून काढा. पक्ष्यांशिवायची आवृत्ती तयार झाली की मलाही पाठवा, मी पूर्ण ऐकून मिनिटं लिहून देईन.